सूचक तेच, अनुमोदक तेच

माँतेस्क्यू नावाच्या फ्रेंच गृहस्थाने १७४८ साली लिहून ठेवले की कायदे करणारा, ते राबवणारा आणि न्याय देणारा हे तिघे वेगवेगळे असावेत. सगळे एकाच हाती गेले की रयतेचे काही खरे नाही. बिचाऱ्याने पनवेल पाहिले नव्हते.

पनवेलला नगरपालिका १८५२ पासूनची. १ ऑक्टोबर २०१६ ला तिची महापालिका झाली आणि पहिल्या नगरसेवकांची मुदत जुलै २०२२ मध्ये संपली. मग ओबीसी आरक्षण, प्रभागरचना असे करत निवडणुकीचे घोंगडे सर्वोच्च न्यायालयात भिजत पडले आणि आयुक्तच प्रशासक झाले. एरवी प्रस्ताव आयुक्तांनी पाठवायचा, सोळा जणांच्या स्थायी समितीने त्याची चिरफाड करायची, महासभेने मंजुरी द्यायची. हे सगळे तेव्हा एकाच खुर्चीत उरकू लागले. अर्थसंकल्प आयुक्तांनी मांडायचा, प्रशासकांनी तो मंजूर करायचा. मधल्या वेळात पेन खाली ठेवायचे की नाही, एवढाच काय तो प्रश्न. ना घोषणा, ना राजदंडाची पळवापळवी. सभात्याग करावा तर दालनात उरणार कोण?

तरी पनवेलने सत्तेचे विभाजन मोडीत काढले, असे कोणी म्हणू नये. ते आम्ही खड्ड्यांसाठी राखून ठेवले आहे. खारघर-कामोठ्यातला खड्डा सिडकोचा की महापालिकेचा, तळोज्यातला एमआयडीसीचा तर नाही ना, याचा निकाल लागेपर्यंत पुढचा पावसाळा येतो. दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकायचे नाही, हा संयम माँतेस्क्यूलाही जमला नसता!

वसुलीच्या वेळी मात्र हा संकोच गळून पडतो. सिडकोला सेवाशुल्क भरत आलेल्यांच्या हाती महापालिकेने २०२१ मध्ये मालमत्ता कराची बिले ठेवली, तीही थेट २०१६ पासूनची. लोक उच्च न्यायालयात गेले. तिघांपैकी तेवढा एकच खांब जागेवर सापडला म्हणायचा.

जानेवारी २०२६ मध्ये अखेर मतदान झाले. ७८ जागांना नगरसेवक मिळाले. त्यांची मुदत २०३१ मध्ये संपेल. मुदत संपण्याआधी नवी निवडणूक झालीच पाहिजे, असे राज्यघटनेचे २४३-यू कलम सांगते. २०२२ सालीही ते हेच सांगत होते.