तू वीस वर्षांचा अनुभवी आहेस

आमच्या सेक्रेटरींनी सोसायटीच्या मेंटेनन्सचं ॲप बनवलं. कोडची एक ओळही न लिहिता. यातलं दुसरं वाक्य ते पहिल्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगतात. एआयला नेमकं काय सांगितलं तो प्रॉम्प्टही त्यांनी ग्रुपवर टाकला, इतरांना मार्गदर्शन व्हावं म्हणून. त्याची पहिली ओळ अशी होती : ‘तू वीस वर्षांचा अनुभव असलेला जागतिक दर्जाचा सीनियर रिॲक्ट डेव्हलपर आहेस.’

मी तिथेच अडकलो.

वीसच का? एकोणीस वर्षांचा अनुभव कोणीच देत नाही, एकवीस वर्षांचा तर नाहीच नाही. आणि नुसतं सांगून अनुभव येत असेल, तर मग हात एवढा आखडता का घ्यायचा? द्या की दोनशे वर्षांचा! रिॲक्ट हे ॲप बनवायचं साधन जगासमोर आलं २०१३ साली. म्हणजे, ते बनवणारे सोडले तर, त्यातला वीस वर्षांचा अनुभव गाठीशी असलेला पहिला माणूस २०३३ च्या आधी सापडायचा नाही. पण आपल्याकडे हे चालतं. नुकत्याच पास झालेल्या पोरांकडे तीन वर्षांचा अनुभव मागणाऱ्या जाहिराती वाचून आपले डोळे तयार झालेत. फरक एवढाच, की पोरगं खोटं बोललं तर त्याला मुलाखतीतून हाकलतात आणि इथे खोटं बोलणारा मालक स्वतःच असतो.

पुढे प्रॉम्प्ट रंगत जातो. तू उत्तम डिझायनर आहेस. तू सायबर सुरक्षेतला तज्ज्ञ आहेस. दीर्घ श्वास घे. शांतपणे, पायरी पायरीने विचार कर. आणि मग ती अजरामर ओळ : ‘एकही चूक करू नकोस.’ हे वाचून मला आमच्या पिढीची दया आली. आम्ही जन्मभर चुका केल्या त्या केवळ आधी कोणी असं लिहून दिलं नाही म्हणून. रेल्वेच्या रुळांवर, ऑपरेशन थिएटरच्या दारावर, विद्यापीठाच्या निकालपत्रकावर ही एक ओळ छापली असती तर केवढा मनस्ताप वाचला असता.

असं पानभर कौतुक झाल्यावर अगदी शेवटी काम येतं : ‘सर्व मेंबरांना मेंटेनन्स, पाणी वगैरे नियमाप्रमाणे लावणे.’

कुठल्या नियमाप्रमाणे? उपविधी म्हणतात, सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं, मग फ्लॅट केवढाही असो. पाणी मात्र नळांच्या संख्येवर आणि आकारावर. सिंकिंग फंड बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाव टक्का. भाडेकरू ठेवला असेल तर भोगवटेतर शुल्क, तेही सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंतच. हे सगळं त्या ‘वगैरे’त कोंबलेलं होतं. वीस वर्षांच्या अनुभवी तज्ज्ञाने काही न विचारता सरसकट चौरस फुटांनी भागाकार केला आणि हिरव्या रंगात बरोबरची खूण केली. थ्री बीएचकेवाले खवळले. वन बीएचकेवाल्यांना ॲप फार आवडलं. लॉगिनचं पान ‘आकर्षक’ हवं हे लिहिलं होतं, पण लॉगिन केल्यावर ज्याला त्याला फक्त आपलाच हिशेब दिसावा, हे कोणी लिहिलंच नव्हतं. त्यामुळे कोणाची किती थकबाकी आहे ते सगळ्यांना दिसू लागलं. ॲपचा हा एकच भाग सोसायटीने मनापासून वापरला.

मग दुरुस्ती सुरू झाली. ‘हे बरोबर नाही, नीट कर.’ एआय म्हणालं, तुमचं अगदी बरोबर आहे. पाण्याचा हिशेब बदलला आणि पार्किंगचं पान गायब झालं. ‘पार्किंग परत आण.’ पार्किंग आलं, पावत्या गेल्या. दर ‘नीट कर’ला क्रेडिट खर्ची पडत होतं आणि क्रेडिटचे पैसे सोसायटीच्या खात्यातून जात होते. नळ किती, ते कुठे लिहून ठेवलेत, कशाला हात लावायचा नाही, यातलं काही सांगावं हे सेक्रेटरींना सुचलं नाही. त्यांनी अनुभव वाढवला. आधी तीस वर्षं, मग चाळीस. तेवढी नोकरी करून अठ्ठावन्नाव्या वर्षी राज्य सरकारचा माणूस निरोपाचा नारळ घेऊन घरी जातो.

आता मला राग येतो तो इथे. सोसायटीचे हिशेब लिहायला टॅलीवाले काका येतात. खतावणी हाताने लिहायचे तेव्हापासून येतात. कोणत्या फ्लॅटला किती नळ, बी विंगमधल्या टेरेसवरचा जादा नळ कोणत्या ठरावाने मंजूर झाला, कोणाच्या थकबाकीवर वाद चालू आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यांना खराखुरा अनुभव आहे, सांगून आलेला नाही. त्यांना आजवर सोसायटीने काम कसं सांगितलं? ‘काका, तेवढं जरा बघून घ्या.’ झालं! ‘तेवढं’ म्हणजे केवढं, ‘जरा’ म्हणजे किती, ‘बघून घ्या’ म्हणजे काय करा, हे काकांनी ओळखायचं. चुकलं तर ‘एवढंही कळत नाही?’ आहेच. ऑफिसांतही हीच तऱ्हा. हाताखालच्या पोरीला साहेब जिन्यातून उतरता उतरता सांगतात, ‘ते प्रेझेंटेशन बघ जरा’, आणि तेच साहेब रात्री यंत्राला लिहितात, वाचणारे कोण आहेत, सूर कसा हवा, लांबी किती, नमुना जोडला आहे, काही शंका असल्यास आधी मला विचार. शंका असल्यास विचार! त्या पोरीने शंका विचारली असती तर अप्रेझलमध्ये ‘पुढाकार कमी’ अशी नोंद झाली असती. यंत्राला स्क्रीनशॉट मिळतो, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं तेही मिळतं, वर ‘प्लीज’ मिळतं. माणसाला मिळतो मिस्ड कॉल.

शेवटी क्रेडिट संपलं तेव्हा काकांना बोलावलं. त्यांनी फुलस्केपवर नळांची यादी, चारही शुल्कांचे नियम आणि कोणी काय पाहायचं हे लिहून दिलं. शिवाय एक सूचना : सगळं एकदम सांगू नका, आधी यंत्राला काय समजलं ते विचारा, मग एकेक बदल करायला लावा. तो कागद जसाच्या तसा, पण एकेक मुद्दा करून टाइप केल्यावर बिलं बरोबर निघाली. ग्रुपवर एआयचं अभिनंदन झालं, अंगठे आले, हात जोडले गेले.

वार्षिक सभा तीस सप्टेंबरच्या आत आहे. ॲपचं पुढच्या वर्षीचं सबस्क्रिप्शन हा विषय क्रमांक चार. काकांचं मानधन वाढवण्याचा विषय ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’ यात घेतला आहे. तोवर बटाटेवडे आलेले असतात.