टिकाऊमावशी

आमच्या दारातल्या चपलांच्या रॅकवर एक टोपली आहे. किल्ल्या टाकायची. तिला बाहेरून सोनेरी रंग दिलाय, पण आत ब्रश पोचलेला नाही. त्यामुळे रोज सकाळी घाईघाईत किल्ली उचलताना मला आतल्या विणीवर 'मुलगा निर्व्यसनी, स्वतःचे घ' एवढीच अक्षरं दिसतात. पुढचा मजकूर वळून खाली गेलाय. गेली चार वर्षं मी त्या मुलाच्या काळजीत आहे.

टोपली टिकाऊमावशींनी दिली. त्यांच्या हातच्या अकरा वस्तू आमच्या घरात आहेत : दोन टोपल्या, पेन ठेवायचा डबा, गरम भांड्याखाली ठेवायची चकती, भिंतीवरचं घुबड, आरशाची चौकट, दोन आकाशकंदील आणि आणखी तीन वस्तू. या तीन कशासाठी आहेत ते आम्हाला अजून कळलेलं नाही. विचारायची सोय नाही. विचारलं तर मावशी नीट समजावून सांगतील आणि जोडी पुरी व्हावी म्हणून आणखी एक देतील.

मावशींचं पाळण्यातलं नाव वेगळं आहे, पण ते सोसायटीच्या देखभाल खर्चाच्या पावतीवरच उरलंय. डोंबिवलीतल्या आमच्या तिन्ही विंगांमध्ये त्या टिकाऊमावशी. तुमच्याही इमारतीत अशा एक मावशी असणार. मावशी नसतील तर काका असतील. ओळखायची खूण सोपी आहे. तुम्ही काहीही टाकायला जिना उतरायला लागलात की यांचं दार उघडतं, आणि वाक्य ठरलेलं : ''अरे, टाकतोस कशाला? याचं काहीतरी होईल.'' या 'काहीतरी'च्या पोटात ब्रह्मांड मावतं. करवंटीचं काहीतरी होतं, बंद पडलेल्या ट्यूबलाइटचं काहीतरी होतं, लग्नपत्रिकेवरच्या गणपतीचं तर दरवर्षी काहीतरी होतं. पण मावशींचा खरा जीव अडकलाय तो जुन्या वर्तमानपत्रांत.

त्यांच्याकडे दोन पेपर येतात, एक मराठी आणि एक इंग्रजी. इंग्रजी घरात कुणी वाचत नाही. ''कागद बरा असतो,'' मावशी सांगतात आणि लगेच पुरावा देतात, ''रद्दीवालासुद्धा इंग्रजीला किलोमागे जास्त देतो.'' २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पण ती बातमी रद्दीच्या काट्यापर्यंत अजून आलेली दिसत नाही.

काकांना पेपर वाचायला सकाळी साडेनऊपर्यंत मुदत असते. त्यानंतर पेपर हा कच्चा माल. काका शब्दकोडं धावतपळत सोडवतात. उभे शब्द घरी होतात, आडवे टोपलीवर जातात. एकदा 'आडवा सात'च्या शोधात ते आमच्याकडे आले होते. पेनांचा डबा हातात घेऊन त्यांनी तो सावकाश फिरवला, मान हलवली आणि ''समोरच्यांकडे गेला असेल'' म्हणून निघून गेले.

पहिल्या पानावर पानभर जाहिरात आली की काका चिडतात आणि मावशी हरखतात. ''अहो, बघा तरी! अख्खं पान एकाच निळ्यात!'' नेत्यांच्या वाढदिवसाच्या पुरवण्या तर मावशींना पर्वणीच वाटतात. इतका रंग एरवी कोण फुकट देतं? चेहरे मात्र त्या कापून बाजूला ठेवतात. चेहरा विणीत आला की वाकडा दिसतो, उगाच कुणाच्या भावना दुखावायला नकोत.

त्यांचा कारखाना एकदा मी जवळून पाहिला. जेवणाच्या टेबलावर पेपरचा जोडपानी ताव पसरलेला. मावशींनी तो मधोमध कापला, मग प्रत्येक अर्ध्याचे उभे दोन केले. एका तावाच्या चार पट्ट्या झाल्या. पट्टीच्या कोपऱ्यावर स्वेटरची बारीक सुई तिरकी ठेवली. सरळ ठेवली तर सुरनळी होते, तिरकी ठेवली तरच लांब नळी होते, हे पहिलं सूत्र. मग अंगठ्याने दाबत दाबत सुई पुढे लोटत न्यायची, शेवटच्या कोपऱ्याला फेविकॉलचा ठिपका लावायचा आणि सुई खेचून काढायची. हाताशी येते पोकळ, टणक नळी. तिचं एक टोक निमुळतं असतं, दुसरं जरा रुंद. रुंद टोकात पुढच्या नळीचं निमुळतं टोक खुपसलं की नळी हवी तेवढी लांबवता येते. मध्यम टोपलीला अशा शंभरेक नळ्या लागतात. सोळा पानी पेपरात चार ताव, म्हणजे सोळा नळ्या. सोमवार ते शनिवार जगात जी काही उलथापालथ होते ती एका टोपलीत बसते. रविवारच्या पुरवणीचं झाकण होतं.

बोटं मात्र काळी होतात. पेपरची शाई तापवून वाळवत नाहीत, ती नुसती कागदात मुरते आणि संधी मिळाली की आपल्या बोटांत मुरते. म्हणूनच कुणी पेपरात बांधलेला वडापाव खाताना दिसला की मावशी रस्त्यात थांबून व्याख्यान देतात. खाण्याचे पदार्थ छापील कागदात बांधायला २०१८ सालच्या अन्नसुरक्षेच्या नियमांनी मनाई केली आहे, हे त्या वडापाववाल्याला कलमासकट सांगतात. तो ऐकून घेतो, मान डोलावतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा वडा अग्रलेखात गुंडाळतो.

गेल्या नोव्हेंबरात मावशी पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला गेल्या. यंत्रावर अंगठा ठेवला. जुळेना. दुसरा ठेवला. तोही जुळेना. अंगठ्यावर शाई होती, शाईवर फेविकॉलचं साल होतं आणि सालाखाली वर्षानुवर्षं नळ्या वळून गुळगुळीत झालेली कातडी. यंत्राच्या लेखी मावशी हयात नव्हत्या. शेवटी डोळ्यांची बुबुळं दाखवून त्यांनी आपलं जिवंतपण सिद्ध केलं. दाखला घेऊन निघताना त्यांनी काउंटरवरच्या मुलीला विचारलं, ''या जुन्या फॉर्मांचं तुम्ही काय करता?''

पैशांचा विषय घरात निघत नाही. काकांनी तो एकदा काढला होता. एका टोपलीचा कागद साधारण चारशे ग्रॅम. बारा रुपये किलोने रद्दीत त्याचे पाच रुपयेही येत नाहीत. वर फेविकॉल, सोनेरी रंग, वॉर्निश, लेस आणि आरसे मिळून दोनशे रुपये. मावशींनी हिशेब शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, ''पण टोपली फुकटात झाली ना?'' त्यावर काकांना उत्तर सुचलं नाही. सुचेपर्यंत साडेनऊ वाजले होते.

मावशी शाळेत कार्यानुभव शिकवायच्या. पण हे वेड शाळेच्याही आधीचं. त्यांच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर एक मळकट, बिनरंगाची टोपली आहे. ती त्यांच्या आईच्या हातची. आई कागद दोन-तीन दिवस भिजत घालायची, उखळात कुटायची, त्यात भिजवलेल्या मेथ्या वाटून घालायची. मेथीच्या चिकटपणाने लगदा धरून राहतो आणि कडूपणामुळे कीड फिरकत नाही. मग पालथ्या पातेल्यावर लगदा थापून ते उन्हात ठेवायची. त्या टोपलीत आजही लसूण असतो. तेव्हा कागद वाण्याच्या पुडीतून घरी यायचा, पुडीचा दोरासुद्धा रिळाला गुंडाळला जायचा, आणि टोपली विकत आणणं म्हणजे खर्च होता. आईला टोपली हवी होती म्हणून ती कागद जमवायची. मावशींकडे कागद जमतो म्हणून टोपली होते. फरक एवढाच, पण त्याने आमचे माळे भरले.

एका वर्षी त्यांनी सोसायटीचा गणपती कागदाच्या लगद्याचा करायला घेतला. श्रावणात डोंबिवलीत मोजे वाळत नाहीत, तिथे दोन फुटी गणपती कुठून वाळणार? तिसऱ्या दिवशी सोंड डावीकडून सरळ झाली. पाचव्या दिवशी पोटावर हिरवी बुरशी आली, तिला मावशी नैसर्गिक रंग म्हणाल्या. चार घरांतले हेअर ड्रायर जमवून आम्ही आळीपाळीने गणपतीला वारं घालत होतो. तेवढ्यात सेक्रेटरी एक छापील कागद घेऊन आले : कागदी मूर्तींना उत्तेजन देणाऱ्या सरकारी निर्णयाला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ सालीच स्थगिती दिली होती. पाण्यात गेला म्हणून कागद नाहीसा होत नाही, शाईसकट पाण्यातच राहतो. मावशींनी तो कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि पिशवीत टाकला. मूर्ती अखेर शाडूची आली. कागदाचा उंदीर तेवढा वाळला होता. तो अजून आमच्या क्लबहाउसच्या दाराला अडसर म्हणून बसतो.

हे सगळं सांगितलं तर २०२० सालचंही सांगायला हवं. मार्चअखेर पेपर यायचे बंद झाले. सोसायटीला दुधाची चिंता लागली आणि मावशींना कच्च्या मालाची. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी दिवाणाखालचा साठा बाहेर काढला. ज्या ज्या घरात मूल होतं त्या घराच्या कडीला एकेक पिशवी लटकली. आत वीस नळ्या आणि चिठ्ठी : 'विणा. चुकलं तर उसवा.' मग रोज दुपारी चारला मावशी तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभ्या राहायच्या, समोरच्या विंगेतली पोरं आपापल्या गॅलऱ्यांत, आणि मधल्या ओसाड रस्त्यावर आवाज घुमायचा : ''एक वरून, एक खालून! एक वरून, एक खालून!'' आमचा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याने जे विणलं त्याला आम्ही घरटं म्हणालो. ती टोपी होती. पण त्या दोन महिन्यांत दुपारी चार ते पाच या वेळात त्याने एकदाही मोबाइल मागितला नाही.

तर, टिकाऊची खरी भानगड अशी, की ते टिकतं. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळा उघडला आणि मावशींची सगळी माया अंगावर आली. आम्ही चार घरांनी गुपचूप बेत केला. मावशी दुपारी दोन ते तीन झोपतात, नेमक्या त्या वेळी रद्दीवाल्याला बोलावलं. गोणी खाली नेली. त्याने एक आकाशकंदील उचलला, नखाने खरवडून पाहिला आणि परत ठेवला.

''हे नाय चालत, साहेब. रंग लागलाय, फेविकॉल लागलाय. गिरणीत घेत नाय.''

''म्हणजे मी हात लावला नसता तर याचा परत कागद झाला असता?''

हा प्रश्न माझा नव्हता. मावशी मागे उभ्या होत्या. माझ्या हातात त्यांचं घुबड होतं.

''झाला असता ना, आजी. कागद, पुठ्ठा, खोका, कायपण.''

मावशी जिन्याच्या पायरीवर बसल्या. आमच्यापैकी कुणालाही काय बोलावं ते सुचेना. रद्दीवाल्याने गोणीतली एक टोपली काढली, बूड ठोकून पाहिलं, गाडीच्या दांड्याला अडकवून पाहिली.

''ही मात्र मी घेतो. रद्दीत नाय, मला. सुतळी नि चिल्लर ठेवायला. किती द्यायचे?''

मावशी म्हणतील, ने रे तशीच, असं मला वाटलं. आजवर त्यांनी एकही वस्तू विकलेली नव्हती. त्या पायरीवरून उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, ''काट्यावर घाल.''

रंग, वॉर्निश धरून सहाशे ग्रॅम भरली. त्याने दहाची नोट काढली. मावशींनी पिशवीतून शोधून तीन रुपये परत दिले आणि वीस पैसे सोडले.

''फुकट दिलेलं माळ्यावर जातं,'' त्या म्हणाल्या. रद्दीवाल्याला म्हणाल्या, पण ऐकायचं कुणी ते आम्हाला कळलं.

ती टोपली आजही त्याच्या गाडीच्या दांड्याला लटकते. सोनेरी रंग उडालाय, आत सुतळीचा गुंडा असतो.

त्यानंतर महिनाभर काकांनी शब्दकोडं आडवं-उभं पूर्ण सोडवलं. मग एका संध्याकाळी मावशी आमच्या दारात आल्या. हात मोकळे होते. ''तुला काय हवंय ते सांग, मग करते,'' त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारत होत्या. 'काही नको' अगदी ओठांवर आलं होतं. पण रॅककडे लक्ष गेलं आणि म्हटलं, ''किल्ल्यांचीच, मावशी. पण थोडी मोठी. आता मुलाच्या सायकलची किल्लीपण असते.''

आठ दिवसांनी टोपली आली. तिला सोनेरी रंग नाही, लेस नाही, आरसा नाही. नळ्या फेविकॉलऐवजी घरच्या खळीने चिकटवलेल्या होत्या आणि नाकाशी धरल्यावर मेथ्यांचा वास येत होता. ''कंटाळलास की खुशाल रद्दीत घाल,'' मावशी म्हणाल्या, ''गिरणीत चालेल.''

त्या गेल्यावर मी दिव्याखाली धरून टोपलीच्या आत डोकावलो. विणीत एका ठिकाणी बारीक अक्षरं होती : 'योग जुळून आल्याने धन्यव'.

माझी काळजी मिटली.