क्रॉनपंत

हिंजवडीतल्या कुठल्याही ऑफिसात एक क्रॉनपंत सापडतोच. युनिक्समधला ‘क्रॉन’ हा प्रोग्राम १९७० च्या दशकापासून ठरल्या वेळी ठरलेलं काम मुकाट्याने करत आला आहे. पंतांनी त्याच्याकडून सगळं घेतलं. ‘मुकाट्याने’ तेवढं सोडलं.

माणसाने एकच काम दोनदा केलेलं पंतांना बघवत नाही. सलग दुसऱ्या शुक्रवारी तुम्ही स्लॅकवर ‘टाइमशीट भरा रे’ असं लिहिलंत की ते खुर्ची सरकवत आलेच. ‘‘हे हाताने करतोस? थांब, वर्कफ्लो लावून देतो.’’ मग टाइमशीटचा बॉट, वाढदिवसांचा बॉट, चहाच्या वर्गणीचा बॉट, आणि या सगळ्या बॉटांकडे लक्ष द्या असं बजावणारा आणखी एक बॉट.

त्यांचं लाडकं अपत्य म्हणजे साडेनऊचा स्टँडअप बॉट. तो रोज तीन प्रश्न विचारतो: काल काय केलंस, आज काय करणार, कुठे अडलंय? सुरुवातीला त्याचं ‘सुप्रभात मंडळी!’ दुपारी तीनला उगवायचं, कारण सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर आणि आपण साडेपाच तास पुढे. ते दुरुस्त झालं. सुट्ट्यांची यादी भरायची मात्र राहिली. अनंत चतुर्दशीला बॉट साडेनऊला हजर! एकाने इमानदारीत उत्तरं दिली: काल आरती, आज विसर्जन, अडलंय अलका चौकात. बॉटने तत्काळ ‘अलका चौक’ नावाचं तिकीट काढलं आणि ते पंतांच्याच नावावर टाकलं.

घरी आई एकदा म्हणाली, ‘‘अंगारकी आली की तुझ्या मशीनला कळवायला सांग रे.’’ क्रॉनच्या ओळीत रकाने पाच: मिनिट, तास, तारीख, महिना, वार. तिथीला जागाच नाही. पंतांनी पंचांगातून वर्षभराच्या संकष्टींच्या तारखा काढून भरल्या आणि वाराच्या रकान्यात मंगळवार टाकला. पण तारीख आणि वार असं दोन्ही दिलं की क्रॉन दोन्ही जुळायची वाट बघत नाही. एक जुळलं तरी त्याला पुरतं. त्यामुळे माउलीला दर मंगळवारी अंगारकी लागली, शिवाय अधूनमधून गुरुवारीही. आता ती भिंतीवरचं कालनिर्णय बघते आणि अंगारकी कधी आहे ते पंतांनाच फोन करून कळवते.

ऑफिसात मध्यंतरी उत्तरं वेळेवर येईनात म्हणून पंत खट्टू होते. मग मंडळींना स्लॅकवर संदेश आधीच लिहून ठेवून ठरल्या वेळी पाठवायची सोय सापडली. आता सोमवारी सकाळीच सगळे शुक्रवारपर्यंतची उत्तरं भरून मोकळे होतात. साडेनऊला बॉट विचारतो, नऊ एकतीसला झाडून सगळ्यांची उत्तरं हजर. तो आलेख पंत प्रत्येक मीटिंगमध्ये दाखवतात.

परवा नवी आलेली मुलगी बिचकत त्यांच्या टेबलापाशी उभी राहिली. ‘‘सर, दोन दिवस बिल्डच होत नाहीये. जरा बघता का?’’

पंत कळवळले. ‘‘अगं, मग साडेनऊला सांगायचंस ना! तिसरा प्रश्न त्याचसाठी तर आहे.’’

पावणेदहा झाले होते. पंतांनी लगेच तिला उद्याचा रिमाइंडर लावून दिला.