काचेच्या डब्यातल्या कॅनडाकरांस



तुमचं नाव मला ठाऊक नाही. यशवंतपूर ते सुब्रह्मण्य रोड एवढ्या वेळात तुमच्या जावयाचा पगार, व्हँकुव्हरच्या घराचा हप्ता, तुमच्या गुडघ्यांची अवस्था आणि बॅन्फच्या हॉटेलातल्या नाश्त्याला काय काय होतं, हे सगळं अख्ख्या डब्याला पाठ झालं. नाव तेवढं राहिलं. म्हणून कॅनडाकर म्हणते, राग नसावा. तुम्ही जयनगरच्या नवव्या ब्लॉकात राहता हेही तुम्हीच सांगितलंत. मी चौथ्या टी ब्लॉकातली, म्हणजे आपण शेजारीच. घरी येऊनही बोलता आलं असतं, पण तुम्ही जे काही बोलता ते ४४ जणांना ऐकू जाईल अशा बेतानं बोलता. तेव्हा उत्तरही जाहीर असलेलं बरं.

आधी आभार मानते. पहाटेच्या मेट्रोनं जयनगरहून यशवंतपूर गाठून सातची कारवार एक्स्प्रेस धरायची, ती सकलेशपूरचा घाट दिवसाउजेडी बघायला. २०२१च्या जुलैपासून या मार्गावर विस्टाडोमचा डबा जोडतात. वर काच, बाजूला भल्यामोठ्या खिडक्या, टोकाशी उभं राहून बघायला जागा, आणि भाडं साध्या सिटिंगच्या कितीतरी पट. पावसाळा सरतानाचं तिकीट हवं तर किती आधीपासून टपून बसावं लागतं, ते तुम्हीही जाणता. एवढा खटाटोप करून शेवटी दिसणार काय होतं? झाडं, धबधबे, ढग. तुम्ही नसतात तर हे सगळं आम्हाला खरोखरच बघावं लागलं असतं.

या डब्यातली खुर्ची गोल फिरते. रेल्वेनं ती सोय प्रवाशाला हव्या त्या बाजूचा देखावा दिसावा म्हणून केली असावी. तिचा खरा उपयोग तुम्ही शोधून काढलात. नेलमंगल यायच्या आत तुम्ही खुर्ची उलटी वळवलीत, खिडकीकडे पाठ केलीत आणि कीर्तनकार बुवांसारखे आमच्याकडे तोंड करून बसलात. हातात टाळांऐवजी कॅनडाचे व्हिडिओ चाललेला मोबाइल, आवाज शेवटच्या काडीपर्यंत चढवलेला. श्रवणबेळगोळ मागे पडलं तेव्हा माझ्या पुढच्या सीटवरची शाळकरी मुलगी आईला विचारत होती, गोमटेश्वराची टेकडी कुठली म्हणून. त्या मूर्तीच्या पायाशी मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांपैकी एक आहे, हे मी तिला सांगणार होते. पण तुम्ही नेमके व्हँकुव्हरच्या विमानतळावर बॅगा मोजत होतात. एक बॅग सापडेना. आम्हीही श्वास रोखून बसलो.

सकलेशपूर सोडलं आणि घाट लागला. सुब्रह्मण्य रोडपर्यंत सुमारे ५५ किलोमीटर, ५७ बोगदे, गाडीचा वेग सायकलवाल्यानंही हसावं असा. "हे काहीच नाही हो," तुम्ही म्हणालात, "रॉकीज बघा एकदा!" आणि लगेच दाखवल्यातही. बोगद्यात अंधार झाला की तुमचा पडदा जास्तच उजळायचा, त्यामुळे ५७ वेळा आम्हाला कॅनडा अगदी लख्ख दिसला. बोगदा संपून दरी उघडली, की तुम्ही "थांबा, हा पॉइंट बघा" म्हणून फोन पुढे करायचात. तुमच्या या टायमिंगला तोड नाही.

पॉइंट बघितले. बहुतेकांत तुम्ही होतात. एका व्हिडिओत तुमच्या हनुवटीशेजारी रॉकीजमधल्या किकिंग हॉर्स खिंडीचा एक कोपरा दिसला, त्याबद्दल दोन शब्द. तुम्ही म्हणालात, असला चढ इंडियात कुठे? खरंय. तिथे १८८४ साली रूळ टाकले तेव्हा उतार शेकडा साडेचार होता. पहिलीच बांधकामाची गाडी उतारावरून सुटली आणि तीन माणसं गेली. पुढची पंचवीस वर्षं तो उतार जीव मुठीत धरून सांभाळला आणि १९०९ साली डोंगराच्या पोटात दोन वळसेदार बोगदे खोदून तो शेकडा २.२ वर आणला. लांब मालगाडी असली तर तिचं तोंड बोगद्यातून बाहेर पडून स्वतःच्याच शेपटीवरून जाताना दिसतं. बघण्यासारखंच आहे ते. आता तुम्ही ज्याच्याकडे पाठ करून बसला होतात, त्या आपल्या घाटाचा उतार ५० ला १, म्हणजे शेकडा २. आणि आपल्या बोरघाटाचा ३७ ला १, तुमच्या खिंडीच्या सुधारलेल्या उतारापेक्षा जास्तच. बोरघाटातून गाडी धावू लागली १८६३ साली. तुमचं व्हँकुव्हर ज्यात आहे तो ब्रिटिश कोलंबिया प्रांत कॅनडात सामील झाला १८७१ साली, तोही रेल्वे आणून देतो या कबुलीवर. हे मी फुशारकीनं सांगत नाही. बोरघाटात पटकीनं आणि अपघातांनी हजारो मजूर मेले, त्याची फुशारकी कसली मारायची? पण तुम्ही खंडाखंडांची तुलना काढलीतच, म्हणून.

क्रेगेलाकीचा व्हिडिओही दाखवलात. ७ नोव्हेंबर १८८५ ला कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा तिथे ठोकला गेला. त्या प्रसंगाचा फोटो जगप्रसिद्ध आहे: दाढीवाले साहेब, उंच टोप्या, मध्ये हातोडा. ब्रिटिश कोलंबियातल्या डोंगरांतून तो रस्ता कोरायला सुमारे १५,००० चिनी मजूर राबले, गोऱ्यांपेक्षा कमी मजुरीवर. फोटोत त्यांतलं कुणी दिसत नाही. रेल्वे पुरी झाली त्याच वर्षी चिन्यांनी देशात येऊ नये म्हणून माणशी ५० डॉलर कर बसवला आणि त्याबद्दल माफी मागायला सरकारला २००६ साल उजाडलं. तुम्ही त्याच जागी उभे राहून दोन बोटं दाखवलीत आणि म्हणालात, "इथे सूप फार छान मिळालं." सूपही इतिहासाचाच भाग आहे म्हणा.

येडकुमारीला गाडी थांबली तेव्हा मात्र तुमची खरी तळमळ दिसली. मंगळुरूकडून चढणारी मालगाडी पुढे-मागे इंजिनं लावून धापा टाकत येत होती. खाली ओढा, समोर धुकं, डब्यात पाच मिनिटांची शांतता होण्याची शक्यता. तुम्ही ती होऊ दिली नाहीत. "बघा, मालगाडीसाठी पॅसेंजर थांबवतात! तिकडे असं चालत नाही!" कॅनडाकर, टोरोंटो ते व्हँकुव्हर ४,४६६ किलोमीटर आणि चार रात्री धावणारी 'कॅनेडियन' नावाची गाडी आहे. तिचे रूळ बहुतांशी मालगाड्या चालवणाऱ्या कंपनीच्या मालकीचे. तिकडच्या मालगाड्या दोन-तीन किलोमीटर लांब, बाजूच्या रुळांवर त्या मावत नाहीत, म्हणून बाजूला उभं राहायचं ते प्रवासी गाडीनंच. उशीर इतका अंगवळणी पडला की शेवटी वेळापत्रकच लांबवून घेतलं. तुम्ही गेलात ती पर्यटकांची आलिशान गाडी. दिवसा चालते, रात्री कॅम्लूप्सला हॉटेलात झोपवते, बशी रिकामी दिसली की भरते. तीही मालगाडीला वाट देते. तुमच्या हातात तेव्हा ग्लास होता, म्हणून कळलं नसेल.

आणखी एक गोष्ट तुमच्या व्हिडिओंत कुठेच नव्हती. कॅम्लूप्सच्या आजूबाजूला तासन्‌तास सुकी, तपकिरी, खुरट्या झुडपांची माळरानं लागतात, कारण किनाऱ्याच्या डोंगरांनी पाऊस आधीच अडवलेला असतो. सह्याद्री ओलांडून माण-खटावात उतरलं की जे होतं, तेच. ढग कुठे रिते होतात आणि त्यांच्यामागे जमीन कशी कोरडी पडते, हे खिडकीतून बघत जाण्यासारखी गंमत नाही. तुम्ही म्हणालात, "तिथे काही नव्हतं, झोप काढली." इतक्या डॉलरांत इतकी महाग झोप आमच्या ब्लॉकात तरी कुणी काढलेली नाही.

आपल्याकडच्या मेंटेनन्सवर तुम्ही जे ऐकवलंत, ते बाहेर रुळाकडेला रेनकोटात उभ्या असलेल्या माणसानं ऐकलं नाही, एवढं बरं झालं. हा मार्ग १९७९ला मीटरगेज म्हणून सुरू झाला, १९९६ला रुंदीकरणासाठी बंद पडला आणि प्रवासी गाडी परत यायला २००७चा डिसेंबर उजाडला. २०२४च्या जुलैत कडगरवळ्ळी आणि येडकुमारीच्या दरम्यान दरड कोसळली तेव्हा वाहतूक पुन्हा बंद झाली, आणि चिखलात उभं राहून ती परत सुरू करून दिली ती अशाच रेनकोटातल्या माणसांनी. तुम्ही त्यांच्याकडे पाठ करून बसला होतात, त्यामुळे तुमचं म्हणणं निःपक्षपाती मानायला हवं.

सुब्रह्मण्य रोडला घाट संपला आणि तुम्ही खुर्ची सरळ केलीत, पडदा ओढलात आणि झोपलात. पुढे कारवारपर्यंत डब्यात विलक्षण शांतता होती. बघायला नारळ होते आणि अधूनमधून दुसऱ्या गाडीचे डबे.

एक सुचवू का? पुढच्या वेळी हा कार्यक्रम चौथ्या ब्लॉकातला एखादा हॉल घेऊन करा. प्रोजेक्टर लावा, सगळ्या शेजाऱ्यांना बोलवा. मी येईन, फिल्टर कॉफीचा थर्मासही आणेन, आणि बॅग सापडते तिथे टाळ्या वाजवेन. हॉलचं भाडं विस्टाडोमच्या तुमच्या तिकिटांपेक्षा फार जास्त पडू नये, शिवाय तिथे खिडक्यांचा त्रास नाही. तेही जमत नसेल तर शॉपिंग कॉम्प्लेक्ससमोरच्या फुटपाथवर इअरफोन मिळतात. घासाघीस करायची तर कन्नडमधून करा, विकणारा स्वस्त देतो.

आपली शेजारीण,
जयनगर चौथा टी ब्लॉक

ता. क. बॅन्फच्या थोडं अलीकडे तुम्ही घेतलेल्या व्हिडिओत, जिथे तुम्ही "ॲनिमल काही दिसला नाही, पैसे फुकट" असं म्हणता, तिथे तुमच्या उजव्या कानामागे, शेजारच्या रुळांवर, एक काळं अस्वल उभं आहे. मालगाड्यांतून सांडलेलं धान्य खायला अस्वलं तिकडे रुळांवर येतात. पुढच्या सीटवरच्या त्या मुलीनं ते पहिल्याच खेपेला ओळखलं आणि माझ्याकडे वळून बघितलं. नंतर तुम्ही तो व्हिडिओ आणखी दोनदा दाखवलात. आम्ही दोघींनी काही सांगितलं नाही.