तीन चाकं, दोन साडू

आमच्या घरात हॉर्लिक्सची एक जुनी बरणी आहे. तिच्यात माझं आयुष्यभराचं कर्तृत्व साठवलंय. मी गाडी उघडून परत जोडली की काहीतरी उरतंच. कधी वॉशर, कधी स्क्रू, कधी एखादी स्प्रिंग. गाडी तरीही चालते. यावरून मी काढलेला निष्कर्ष असा, की कारखान्यातच दोन-चार पार्ट जास्तीचे घालत असावेत. बायकोनं काढलेला निष्कर्ष ती पाहुण्यांसमोर सांगते.

गाडी बाबांची. १९८४ ची येझदी, डाव्या अंगाला साइडकार. बाबांनी ती साइडकार कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात बनवून घेतली होती आणि आरसी बुकात तिची रीतसर नोंदही केली होती. आम्ही भावंडं पाय बाहेर काढून बसण्याइतकी मोठी झालो तेव्हा ती उतरवून परसात ठेवली गेली. आईनं तिच्यात माती भरून कोथिंबीर लावली. पंधरा वर्षं उत्तम कोथिंबीर आली. मग मी ती उपटली आणि तेव्हापासून माझा रविवार, माझा पगार आणि माझी कंबर या छंदाच्या नावे आहे.

साइडकार नुसती बोल्टांनी आवळून भागत नाही. तिचं चाक समोरून किंचित आत वळलेलं लागतं, गाडीच्या मागच्या चाकापेक्षा थोडं पुढे लागतं, आणि गाडी स्वतः साइडकारपासून किंचित बाहेर कललेली लागते. हे सगळं दोन सरळ फळ्या आणि एक ओळंबा लावून जमवायचं, तेही आत माणूस बसवून, कारण रिकाम्या गाडीचं माप खोटं निघतं. मी बायकोला बसवलं. माझं माप जुळेपर्यंत तिनं एक दिवाळी अंक जाहिरातींसकट वाचून काढला. आमची साइडकार म्हणून बरोबर अठ्ठावन्न किलोला जुळलेली आहे. हा आकडा छापणार नाही असं मी तिला कबूल केलं होतं.

आणि एवढं करूनही हे वाहन सरळ जात नाही. वेग दिला की डावीकडे ओढतं, ब्रेक दाबला की उजवीकडे. डावं वळण जोरात घेतलं तर तिसरं चाक जमीन सोडतं आणि आत बसलेला माणूस देवाचं नाव घेतो. मोटरसायकलची सवय इथं उपयोगाची नाही, मोटारीची त्याहून नाही.

जुलैचा दुसरा रविवार हा जावा-येझदीवाल्यांचा सण. लोक आषाढात पंढरपूरला निघतात, मी म्हैसूरला निघालो. कारण आमची पंढरी तिथं आहे. यादवगिरीत. झेकोस्लोव्हाकियात यानेचेक नावाच्या गृहस्थानं वांडरर कंपनीच्या मोटरसायकलचा परवाना घेऊन १९२९ साली गाडी काढली आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून तिला ‘जावा’ म्हटलं. तीच पुढे इराणी कुटुंबाच्या ‘आयडियल जावा’नं म्हैसुरात बनवायला घेतली. १९६१ पासून गाड्या बाहेर पडू लागल्या, मग त्यांचं नाव येझदी झालं, आणि १९९६ ला कारखान्याला कुलूप लागलं. किक आणि गिअरचा दांडा एकच असलेली, एका सिलिंडरला दोन सायलेन्सर लावणारी ही गाडी बनवणाऱ्यांच्या डोक्यात नेमकं काय होतं, हे मला कधीतरी त्या दारात उभं राहून विचारायचं होतं.

कोल्हापूर ते बंगळूर अडीच दिवस लागले. पाऊस होता. याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही. बायको साइडकारमध्ये छत्री उघडून बसायची, आणि वाऱ्यानं छत्री आम्हाला कुठं न्यायचं ते ठरवायची.

बंगळुरात मेहुणीचं घर. तिथं माझे साडू आहेत. साडू हे नातं देवानं तुलनेसाठी निर्माण केलं असावं. यांच्याकडे घराएवढी उंच गाडी आहे, तिचं छत उघडतं आणि ती बोलते. रविवारी सकाळी त्यांनी आमच्या साइडकारभोवती एक फेरी मारली, चहाचा कप तिच्या नाकावर ठेवला आणि म्हणाले, “साडूभाऊ, हिच्यात मी बसतो. बायका आपल्या गाडीतून येतील.”

माझी बायको इतक्या चटकन ‘चालेल’ म्हणाली की मला संशय आला.

साडूंचं वजन ब्याण्णव किलो. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण मनात मी अठ्ठावन्नातून ब्याण्णव वजा करत राहिलो, आणि तोंडानं “या ना, बसा की” म्हणालो.

बंगळूर-म्हैसूर एक्सप्रेसवेच्या तोंडाशी पोलिसानं हात केला. ऑगस्ट २०२३ पासून तिथं दुचाकींना बंदी आहे. साडू इंग्रजीत म्हणाले, ही दुचाकी नाही, चाकं मोजा. पोलिसानं खरोखर मोजली. मग त्यानं शांतपणे सांगितलं की तीनचाकींनाही बंदी आहे. एवढा परिपूर्ण कायदा मी आयुष्यात पाहिला नव्हता. मागे फिरायला आमच्या गाडीला रिव्हर्स नाही. १९५५ च्या मेसरश्मिट तीनचाकीला होता: इंजिन उलटं फिरवून सुरू करायचं, की चारही गिअर मागे जायला मोकळे! आमचा रिव्हर्स म्हणजे साडू. ते उतरले आणि त्यांनी ढकललं. वरच्या रस्त्यानं बायका हात हलवत गेल्या.

सर्व्हिस रोडनं रामनगर आलं. ‘शोले’चे खडक दिसले. साडूंना भरून आलं, ते साइडकारमध्ये अर्धे उभे राहिले आणि त्यांनी हात पसरले. त्या सिनेमात गाण्याच्या मधेच साइडकार मोटरसायकलपासून सुटून वेगळी जाते, हे त्यांना आठवत होतं की नाही कोण जाणे. मला आठवत होतं.

चन्नपट्टणच्या अलीकडे ‘कट्’ असा आवाज आला. आधी वाटलं, साडूंचा गुडघा. मग साइडकारचं चाक पंक्तीत झोप आलेल्या भटजीसारखं आत झुकलं आणि मडगार्डला घासू लागलं. स्विंगआर्मचा नायलॉनचा बुश फुटला होता. अठ्ठावन्न किलोला बेतलेला जीव तो, किती सोसणार?

रविवार. लेथची दुकानं बंद. पंक्चरवाल्यानं मान हलवून पुढच्या गल्लीकडे बोट दाखवलं. तिथं एक लेथ चालू होता, पण त्यावर लाकडी घोड्याचे पाय निघत होते. चन्नपट्टण खेळण्यांचं गाव, आपल्या सावंतवाडीचं चुलत भावंड म्हणा. मला कन्नड येतं ते ‘ऊटा आयता’पुरतं, जेवण झालं का एवढंच. मी तेच विचारलं. कारागीर म्हणाला, झालं. मग मी फुटलेल्या बुशचे दोन तुकडे त्याच्या तळहातावर ठेवले.

त्यानं ते जुळवून धरले, डोळ्याजवळ नेले, पिन आत घालून फिरवून पाहिली. मोजलं काहीच नाही. मग कोपऱ्यातून पांढऱ्या लाकडाचा ठोकळा उचलला. तिकडे या झाडाला आले-मर म्हणतात, आपल्याकडे काळा कुडा. पटाशी लागली आणि लाकडाची साल शेवईसारखी उलगडत आमच्या पायांवर पडू लागली. दहा मिनिटांत बुश तयार. मी हात पुढे केला, त्यानं दिला नाही. विचारलं, “रंग?”

मी म्हटलं, आत बसणार आहे, कुणाला दिसणार नाही. साडू म्हणाले, “पिवळा.”

फिरत्या लाकडावर त्यानं पिवळ्या लाखेची कांडी टेकवली. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून पसरत गेली, दोन टोकांना लाल रेघा आल्या, आणि शेवटी केवड्याच्या सुक्या पानानं घासून त्यानं त्या बुशला असा तजेला आणला की बसवताना माझा जीव तुटला. पैसे घेतले दोन भोवऱ्यांचे. त्याच्या लेखी ते खेळणंच होतं, आणि त्याचं काही चुकलं नव्हतं.

याच वेळी साडूंना ऑफिसचा फोन आला. रविवारीही येतो. ग्रीस माखलेल्या बोटांनी त्यांनी तो कानाशी धरला आणि म्हणाले, “आत्ता नाही. हात काळे आहेत.” फोन ठेवल्यावर बराच वेळ ते आपल्या हातांकडे बघत होते. मला हा माणूस एकदम आवडला. हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

बुश मऊ पडेल या भीतीनं मी तीसच्या वर वेग घेतला नाही. श्रीरंगपट्टणवरून गेलो एवढं लक्षात आहे. म्हैसूरचा राजवाडा रविवारी संध्याकाळी सातला जवळजवळ एक लाख दिव्यांनी उजळतो, पाऊण तास. आम्ही कोपऱ्यावर वळलो, साडू म्हणाले “बघा, बघा,” आणि राजवाडा विझला. बायकांनी सगळा पाहिला होता. मैसूरपाकही खाल्ला होता.

सोमवारी सकाळी एकटाच यादवगिरीला गेलो. साइडकारमध्ये वजनासाठी साडूंची सूटकेस ठेवली. एका झाडाखाली गाडी उभी करून कारखाना होता त्या जागेकडे बघत राहिलो. विचारायचं ते विचारायला समोर कुणीच नव्हतं.

फिरायला निघालेले एक म्हातारे गृहस्थ थांबले. स्वेटर, कानटोपी, पायात चपला. हिंदीत म्हणाले, कुठल्या सालची? मी म्हटलं, चौऱ्याऐंशी. ते म्हणाले, त्या साली मी आत होतो, असेंब्लीला. मग साइडकारकडे पाहून म्हणाले, “आम्ही तर दोनच चाकं दिली होती.”

मी काही बोलायच्या आत त्यांनी खाली न बघता गिअरचा दांडा तळव्यानं आत दाबला, वर फिरवला आणि चपलेनंच किक मारली. मला रोज सात लागतात. त्यांना एक लागली. मग ते वाकले. चेनकव्हरवर दोन बोटं ठेवली आणि इंजिन तसंच चालू देऊन ऐकत राहिले. तो खडखडाट मी अकरा वर्षं ऐकतोय. मला वाटायचं, येझदीचा आवाजच असा.

“या बोल्टखाली एक फायबरचा वॉशर असतो,” ते म्हणाले. “मीच बसवायचो. कुठं गेला?”

मला ठाऊक होतं. स्वयंपाकघरातल्या फळीवर, बरणीच्या तळाशी, लालसर रंगाचा.

“घरी आहे,” मी म्हटलं.