पफिन कुठंय?

लीड्सला लेकाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांनी एकदा तरी बेम्प्टन क्लिफ्सला जाऊन पक्ष्यांचे फोटो काढावेत, अशी आता जवळजवळ रीतच पडली आहे. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर खडूच्या दगडाचे शंभरेक मीटर उंच पांढरे कडे आहेत आणि मार्च ते ऑक्टोबर त्यांच्यावर सुमारे पाच लाख समुद्रपक्षी संसार थाटतात. एवढ्या पक्ष्यांतून एकही धड फोटो न मिळवता परत येण्यासाठी थोडी तयारी लागते. ती पुढीलप्रमाणे करावी.

लेन्स घ्यायची ती मांडीएवढी. दंडाएवढी असली तर शेजारचा माणूस "काय दिसलं?" म्हणून विचारतो, मांडीएवढी असली की विचारायला धजत नाही. बाकी सगळं कॅमेऱ्यावर सोपवावं. मागचा काळसर समुद्र पाहून कॅमेऱ्याला वाटतं अंधार पडला; तो सगळंच उजळतो आणि पांढऱ्या गॅनेट पक्ष्याचा चुन्याचा गोळा होतो. त्याला 'कलात्मक' म्हणून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकावं. पिसं दिसायलाच हवीत असा ज्यांचा हट्ट असेल, त्यांनी एक्स्पोजर एखाद स्टॉप खाली आणावं.

पोचल्या पोचल्या मोठ्यानं विचारावं, "पफिन कुठंय?" तिथे सगळेच हे विचारतात. पफिन कबुतरापेक्षाही बुटका. इथे तो कड्याच्या फटीत घर करतो आणि बहुतेक वेळ आतच असतो. तो शोधत असताना तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर, जवळजवळ दोन मीटर पंखांचा गॅनेट वाऱ्यावर तरंगत थांबलेला असेल. तो मध्ये येतो. त्याला बाजूला व्हायला सांगावं.

गॅनेटच्या घरट्याकडे तर मुळीच पाहू नये, वेळ फुकट जातो. जोडीदार समुद्रावरून परतला की दोघं छातीला छाती लावून उभे राहतात आणि चोची वर करून तलवारीसारख्या एकमेकींवर घासतात. घरटं शेवाळ, गवत आणि मासेमारीच्या जाळ्यांच्या नायलॉन दोऱ्यांचं. मालकाची नजर वळली की शेजारी त्यातली काडी ओढून नेतो, आणि मग जे होतं ते आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज होतं. मादी अंड्यावर चक्क पाय देऊन उभी दिसली तर घाबरू नका. ती अंडं उबवते आहे. बहुतेक पक्ष्यांच्या पोटावर उबवणीसाठी पिसं गळून उघडी कातडी तयार होते. गॅनेटच्या होत नाही, म्हणून ऊब पायांच्या पडद्यांतून जाते. नरही आपली पाळी आली की असाच उभा राहतो, ही गोष्ट सासऱ्यांना दाखवू नये.

गिलेमॉट घरटंच बांधत नाही. अरुंद कंगोऱ्यावर, उघड्या दगडावर एकच अंडं. पिल्लू तीनेक आठवड्यांचं झालं की उडता येत नसतानाही समुद्राकडे झेप घेतं. बाप खालून हाका मारत असतो. हे बहुधा अंधारून येताना घडतं, म्हणजे तुम्ही ट्रायपॉड आवरून गाडीत बसल्यावर.

कुंपण ओलांडलं की फोटो चांगला येतो, असं एक मत आहे. पूर्वी इथले 'क्लिमर' दोरावरून कड्याखाली उतरून गिलेमॉटची अंडी काढत. 1954च्या कायद्यानं ते थांबलं. पण त्यांच्याकडे दोर होता आणि वर ओढून धरणारे गडी होते. तुमच्यामागे फक्त सून आहे आणि तिच्या कडेवर नातू आहे. शिवाय खडू ठिसूळ असतो. ड्रोनचा विचार तर थट्टेतही नको: गिलेमॉटचा थवा दचकून एकदम उडाला की अंडी कंगोऱ्यावरून घरंगळतात, उरलेली गल पक्षी खातात.

वासाबद्दल लिहीत नाही. तो वाहनतळावरच भेटेल.

शेवटी तारखेचं. जुलै सरता सरता पफिन समुद्रावर निघून जातात; गॅनेट मात्र ऑक्टोबरपर्यंत असतात. लेकाला रजा ऑगस्टमध्येच मिळणार असेल, तर पफिनचा फोटो तिथल्या दुकानातल्या कपावरून काढावा आणि उरलेला दिवस गॅनेटला द्यावा.