आमची मुलं तशी शांत आहेत

रविवारी संध्याकाळी सहकुटुंब हॉटेलात निघालेल्या आईबाबांसाठी शिष्टाचाराची ही उजळणी. टेबल मिळताच पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाइल उभा करावा, कार्टून लावावं आणि आवाज कोपऱ्यातल्या टेबलापर्यंत पोचेल एवढा ठेवावा. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी तासाभरापेक्षा जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये सांगितलं खरं. पण त्यांनी आमच्या बंड्याला कधी भेंडी भरवलेली नाही.

थोरले चिरंजीव टेबलांमधून धावत असतील, तर कौतुकानं पाहावं. धगधगता सिझलर घेऊन येणाऱ्या वेटरला मात्र ‘जरा बघून चाला’ असं बजावावं. त्यालाच ‘ए, इकडे ये’ म्हणून बोलवावं आणि लगेच मुलाला सांगावं, ‘अंकलना थँक यू म्हण!’ निघताना बडीशेप मूठभर, टिश्यू पर्सभर घ्यावेत. खाली सांडलेला पुलाव उचलायला माणसं असतातच.

पूर्वी पंगतीत मीठ, लिंबू, चटणी डावीकडे, भाजी उजवीकडे आणि सगळ्यांना वाढून होईपर्यंत पानाला हात लावायचा नाही, हे पोरांना कुणी वर्ग घेऊन शिकवलं नव्हतं. शेजारचा मोठा माणूस थांबलेला दिसायचा, तीही थांबायची. मुलं आजही शेजारच्याकडेच बघतात. तेव्हा पुढच्या रविवारी त्यांना शिस्त लावण्याआधी आपला मोबाइल खिशात ठेवा आणि वेटरला ‘अहो’ म्हणा.